सासूबाईंचा रेपो रेट

बँकेतल्या क्लार्कने जेएआयआयबी ही बँकवाल्यांची पहिली व्यावसायिक परीक्षा नोकरी लागल्या लागल्या देऊन टाकायची असते. तेव्हा डोकं ताजं असतं आणि घरी गेल्यावर कोणीतरी ताट वाढून हातात देतं. मी मात्र ती पुढे ढकलत राहिले. आधी लग्न, मग बाळंतपण, मग नोटाबंदी. नोटाबंदीत जेवायलाही सवड नव्हती, त्यामुळे 2016 चं कारण पक्कं आहे. बाकीच्या वर्षांची कारणं कोणी विचारू नयेत.

मग शाखेत नवे मॅनेजर आले. वय अठ्ठावीस. "मॅडम, तुमचं जेएआयआयबी झालंय ना?" चहा झाला का, अशा सुरात त्यांनी विचारलं. पास झालात तर एक इन्क्रिमेंट, पुढे सीएआयआयबी ही वरची परीक्षा केलीत तर आणखी दोन, शिवाय प्रमोशनलाही उपयोग. हे मी घरी सांगितलं आणि त्याच रात्री नवऱ्याने स्वयंपाकघरात टेप घेऊन नव्या फ्रिजसाठी कोपरा मोजला. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

चार पेपर: भारतीय अर्थव्यवस्था, बँकिंगची तत्त्वं, अकाउंट्स आणि रिटेल बँकिंग. प्रत्येकी शंभर प्रश्न, दोन तास, पासिंगला पन्नास गुण, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्यातले तीन विषय तर मी रोज काउंटरवर जगते, मग घाबरायचं कशाला?

पहिल्याच सराव परीक्षेत प्रश्न आला: चेकवर अक्षरी पाच हजार आणि अंकात 50,000 लिहिलंय, तर बँकेने किती रक्कम धरावी? चौथा पर्याय होता, चेक परत करावा. मी डोळे झाकून तो निवडला. माझी अख्खी हयात "काका, दुसरा चेक लिहून आणा" म्हणण्यात गेलीय. उत्तर चूक. चेक-हुंड्यांच्या 1881 च्या कायद्याचं कलम 18 सांगतं, अक्षरी रक्कम धरायची. बरोबर आहे कायद्याचं. कायदा लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या काकांच्या वकील मुलाशी बोलावं लागत नाही.

असंच सगळीकडे होत होतं. प्रश्न वाचला की माझ्यासमोर एखादा खातेदार उभा राहायचा आणि मी त्याची समजूत काढायला लागायचे, तोवर मिनिट संपलेलं असायचं. त्यातून क्लेटनचा नियम. खात्यात आधी आलेले पैसे आधी गेले असं धरायचं, हा निकाल लंडनच्या एका बँकेच्या भानगडीतून 1816 साली लागला. दोनशे वर्षांपूर्वीच्या खातेदाराचं भांडण मी रात्री अकरा वाजता निस्तरत बसायचे. आमच्या शाखेत काय भांडणांचा दुष्काळ आहे?

अकाउंट्सचं विचारूच नका. मी केमिस्ट्रीची बीएस्सी. शिकवायला घरात एकच माणूस, बारावी कॉमर्सला असलेला मुलगा. त्याने माझी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "आई, तू बँकेत नक्की काय करतेस?" म्हटलं, कॅश मोजते. "मग घसारा तरी दरवर्षी एकाच बाजूला लिही ना!" अकरावीत याच्या पालकसभेला मी ज्या चेहऱ्याने बसले होते, तो चेहरा त्याने जसाच्या तसा उचललाय.

नवऱ्याचं सहकार्य पूर्ण होतं. मी पुस्तक उघडलं की तो टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि विकेट पडली की मला खुणेने सांगायचा.

खरा अभ्यास झाला तो पोळ्या लाटताना. तुरडाळीच्या डब्याला मोबाईल टेकवायचा आणि यूट्यूबवरच्या सरांना दीडपट वेगाने सोडायचं. ते दर पाच मिनिटांनी ओरडायचे, "दोस्तों, ये तो पक्का आएगा!" सासूबाई शेजारी मेथी निवडत बसलेल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "अगं, याची एसटी सुटतेय का? श्वास तरी घेऊ दे त्याला." पुढे त्यांना सवय झाली. आणि एके दिवशी मी मोठ्याने उजळणी करताना मागून आवाज आला, "सीआरआर म्हणून बँका रिझर्व्ह बँकेत पैसे ठेवतात, त्यावर ती व्याज देत नाही. कालच सांगितलं ना त्याने?"

त्यानंतर भजनी मंडळात काय चालायचं ते मला शेजारच्या काकूंकडून कळलं. हरिपाठ झाला की सासूबाई रेपो रेट घ्यायच्या, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर. एका बाईने सुनेला जाऊन विचारलं म्हणे, तुमच्या होमलोनचा हप्ता रेपोला बांधलेला आहे की नाही? त्या घरात दोन दिवस अबोला होता.

परीक्षा कोल्हापूरबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होती. आजूबाजूला सगळी पोरं माझ्या मुलापेक्षा थोडी मोठी. गेटवरच्या वॉचमनने माझं ओळखपत्र पाहिलं, मला निरखलं आणि चेहरा उजळला. "मॅडम, तुम्ही होय! माझा हयातीचा दाखला चढला का हो?" निवृत्त फौजी, आमचेच पेन्शनर. मागे रांग थांबली. दाखला चढलाय, पेन्शन थांबणार नाही, असं दोनदा सांगितल्यावर मला आत सोडलं.

अकाउंट्सला 46 पडले. पण प्रत्येक विषयात निदान 45 असतील आणि एकाच खेपेत सगळे मिळून सरासरी पन्नास टक्के भरत असेल तरी पास करतात. बाकीच्या तिघांनी चौथ्याला खांद्यावर उचलून आणलं. मुलगा म्हणाला, "काठावर." मी त्याला पेढा दिला नाही.

डिसेंबरात सासूबाईंची सात लाखांची मुदतठेव पूर्ण झाली. आमच्याच शाखेतली. त्या टोकन घेऊन माझ्या काउंटरला आल्या. "साडेचार लाख पुन्हा ठेव. अडीच समोरच्या बँकेत टाकायचेत."

"अहो आई, पण का?"

"एका बँकेत ठेवीला विमा फक्त पाच लाखांचा. तोही व्याज धरून. 2020 आधी तर एकच लाख होता."

मॅनेजर केबिनमधून धावत आले. ठेवींचं टार्गेट आधीच लटकलेलं. आजी, इतकी जुनी बँक आहे, काही होत नाही, वगैरे बरंच बोलले. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही लिहून देता का?"

मी दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचा आरटीजीएसचा फॉर्म पुढे केला. त्यांनी तो परत सरकवला.

"शाखेतून केलं की चार्ज लागतो. घरी गेल्यावर माझ्या मोबाईलवरून करू. तू फक्त कुठे दाबायचं ते दाखव, आणि मी पासवर्ड टाकताना तोंड तिकडे कर."