मीडिया लॅब युरोप ‘सरकारी पैशामुळे’ बुडाली? एकेक मुद्दा बघू

आठवडाभरात तीन ग्रुपवर तोच मेसेज आला. थोडक्यात असा: आयरिश सरकारने डब्लिनला मीडिया लॅब युरोप नावाची डिजिटल लॅब काढली, कोट्यवधी युरो ओतले, पाच वर्षांत तिचं दिवाळं निघालं, हाती काही लागलं नाही, आपल्याकडेही तसंच झालं, सरकारी पैशावर रिसर्च होत नसतो, तेव्हा हे सगळं कंपन्यांवर सोडा आणि ग्रँट बंद करा. खाली अंगठ्यांची रांग. लॅब बंद झाली हे खरंय, पण बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्यात गडबड आहे आणि मला ते तसंच सोडवत नाही.

आधी ते ‘दिवाळं’. जानेवारी २००५ मध्ये लॅबने गाशा गुंडाळला तो स्वतःहून, आणि देणेकऱ्यांची देणी भागवता येतील अशा स्थितीत. याला दिवाळं म्हणत नाहीत. कारणही तेव्हाच जाहीर केलं होतं: आयरिश सरकार आणि अमेरिकेतलं एमआयटी हे तंत्रज्ञान विद्यापीठ, या दोन मुख्य भागीदारांचं पुढच्या फंडिंगच्या मॉडेलवर जमलं नाही.

आता मुख्य मुद्दा, सरकारी पैशाने बुडाली म्हणे. २००० साली लॅब सुरू झाली तेव्हा हिशेब असा होता की सुरुवातीला सरकार पैसे घालेल, साधारण साडेतीन कोटी युरो, आणि मग कंपन्यांच्या स्पॉन्सरशिपवर लॅब आपल्या पायावर उभी राहील. एमआयटीची मूळ मीडिया लॅब १९८५ पासून बरीचशी अशीच चालत होती, कंपन्या दरवर्षी पैसे भरणार आणि आत काय शिजतंय ते त्यांना आधी बघायला मिळणार. पण नेमका त्याच वर्षी डॉटकॉमचा फुगा फुटला, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचे अवाच्या सवा चढलेले शेअर कोसळले, ज्या कंपन्यांच्या भरवशावर हे सगळं उभं केलं होतं त्यांनीच हात आखडते घेतले, कारण खर्च कापायची वेळ आली की दहा वर्षांनी उपयोगी पडेल अशा कामावर पहिली कात्री चालते. म्हणजे सरकारचे पैसे ठरल्याप्रमाणे आले होते आणि आटला तो खाजगी नळ. मेसेजने हे बरोब्बर उलटं सांगितलंय.

सरकारचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. एवढी मोठी रक्कम खुली स्पर्धा न घेता एका मोठ्या नावाला दिली, तिथल्या विद्यापीठांतल्या लोकांनी तेव्हाच त्यावर नाराजी दाखवली होती आणि ती रास्त होती. पण हा दोष पैसे कसे दिले याचा आहे. त्याच सरकारने त्याच काळात सायन्स फाउंडेशन आयर्लंड सुरू केलं, तिथे प्रस्ताव तज्ज्ञांकडून तपासून घेऊन पैसे दिले जायचे आणि ती व्यवस्था वर्षानुवर्षं चालली.

‘आपल्याकडेही तसंच झालं’ हे वाचून तर मला राहवलं नाही. २००१ मध्ये भारत सरकारने एमआयटीबरोबरच मीडिया लॅब एशिया सुरू केली, प्रमोद महाजन आयटी मंत्री होते. २००३ मध्ये एमआयटीशी फाटलं, तेव्हा मंत्री अरुण शौरी. म्हणजे भागीदार तोच, भांडणही जवळपास त्याच वर्षांतलं. पण इथली संस्था बंद झाली नाही, कारण भागीदार गेला तरी सरकारने तिला धरून ठेवलं. तिच्या मदतीने आयआयटी कानपूरच्या लोकांनी कानपूर-लखनौ पट्ट्यात उंच टॉवरवर अँटेना बसवून साधं वायफाय, जे घरात दोन खोल्यांपलीकडे जाताना दमतं ते, गावागावांत कित्येक किलोमीटर लांब पोचवून दाखवलं. आज तीच संस्था डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन या नावाने चालू आहे. तिचं सगळंच काम भारी होतं असा माझा दावा नाही, पण ‘तसंच झालं’ हे साफ खोटं.

डब्लिनला हाती काही लागलं नाही म्हणतात, त्यांनी निदान ‘रिलॅक्स टू विन’ काय होतं ते बघावं. दोन जण समोरासमोर, बोटांना सेन्सर, स्क्रीनवर दोन ड्रॅगनची शर्यत, आणि जो जास्त शांत होईल त्याचा ड्रॅगन जोरात पळणार. जिंकायची घाई केली की घामाने त्वचेत होणारा बदल सेन्सर टिपतो आणि ड्रॅगन मागे पडतो. आज मनगटावरची घड्याळं ताण मोजतात, हे लोक वीसेक वर्षांपूर्वी त्यावर खेळ करून बसले होते.

डब्लिनला खरं नुकसान झालं ते टीम फुटण्याचं. मी स्वतः एका ग्रँटवरच्या प्रोजेक्टमध्ये होतो, तीन वर्षं संपली, मुदतवाढीची फाइल कुठेतरी अडकली, आणि ज्या दोघांना तो कोड आतून-बाहेरून कळत होता ते महिन्याभरात दुसरीकडे गेले. नंतर पैसे आले, पण माणसं आली नाहीत.

राहिलं ‘कंपन्यांवर सोडा’. इंग्लंडच्या केंब्रिजमधली एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीची लॅब, जिथून दुसऱ्याचा कॉम्प्युटर लांबून चालवायचं व्हीएनसी सॉफ्टवेअर आलं, ती कंपनीने २००२ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टचा सहसंस्थापक पॉल ॲलन याने स्वतःच्या पैशावर १९९२ साली काढलेली इंटरव्हल रिसर्च ही लॅब २००० मध्ये बंद झाली. दोन्हीकडे सरकार मालक नव्हतं. मग यावरून खाजगी पैशावर रिसर्च होत नसतो म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही.

आणि ज्या देवनागरीत तो मेसेज फिरतोय ती स्क्रीनवर आणायचं बरंचसं काम आयआयटी कानपूर आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये झालं, दोन्ही सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था. युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी नंबर देणारी पद्धत, तिच्यातला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्की या तशाच भारतीय मांडणीवर बेतलाय. यातून लगेच नफा होणार नव्हता, तरी कोणीतरी त्यासाठी पगार दिले. तिन्ही ग्रुपवर मी हेच टाकलंय, तुमच्याकडे तो मेसेज आला असेल तर तिथेही टाका.