सात सेकंद म्हणजे सात किलोमीटर नव्हे

मे महिन्याच्या शेवटी सिन्नरला बहिणीकडे होतो. संध्याकाळी पाचलाच अंधारून आलं, वारा सुटला, आणि ताई वाळत घातलेल्या कुरडया उचलायला गच्चीवर धावली. तिच्या मागोमाग गेलो तर वर आमचा भाचा. वय १९. पाण्याच्या टाकीशेजारी ट्रायपॉड पूर्ण ताणून उभा केलेला, त्यावर नुकताच घेतलेला सेकंडहँड कॅमेरा, आणि हा पठ्ठ्या आभाळाकडे बघत मोठ्याने आकडे मोजतोय. सातला ढग गडगडले.

"मामा, टेन्शन नको. सात सेकंद म्हणजे सात किलोमीटर. पाचच्या वर सेफ असतं."

बखोटीला धरून खाली आणला. हे कुठून शिकलास विचारलं, तर घरच्या ग्रुपवर आमच्याच दादाने टाकलेला मेसेज: 'पावसाळी फोटोग्राफीची ८ गुपितं'. खाली कोणा 'नॅशनल लेव्हल' फोटोग्राफरचा हवाला, नाव नाही. वर अनेकदा फॉरवर्ड झाल्याचा तो दुहेरी बाण. दादा स्वतः फोटो काढतो तो लाइट बिलाचा. पण मेसेज पुढे ढकलायला त्याला दोन सेकंद लागले नाहीत.

आधी तिसरं गुपित, कारण जीव जाईल तो त्याच्यापायी. "वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत जितके सेकंद, तितके किलोमीटर वीज लांब. ५ च्या वर असेल तर निवांत शूट करा." आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. भाच्याची सात किलोमीटरवरची वीज प्रत्यक्षात जेमतेम २.४ किलोमीटरवर पडली होती. माझा अंदाज असा की मूळ इंग्रजी हिशेब पाच सेकंदांना एक मैल असा आहे, आणि तो बरोबरही आहे. मराठीत येता येता कोणीतरी मैल गिळला आणि पाच तेवढा उरला.

बरं, हिशेब बरोबर केला तरी कळतं काय? पडून गेलेली वीज किती लांब होती, एवढंच. पुढची कुठे पडेल ते त्या आकड्यात नसतं. एकेक वादळी ढग कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. पाऊस पडतोय तिथून दहा-बारा किलोमीटरवर, डोक्यावर निळं आभाळ असतानाही वीज येऊ शकते. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत तर एकच वीज ८२९ किलोमीटर लांबीची आहे: ऑक्टोबर २०१७, अमेरिकेत टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या आसपासपर्यंत. तेव्हा मोजायचंच असेल तर ३० पर्यंत मोजा. ३० च्या आत गडगडलं म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात व्हा. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच बसा. गच्ची तेव्हाही तिथेच असते.

चौथं गुपित वाचून तर मी फोन बाजूला ठेवला. "कॅमेरा भिजू नये म्हणून मोठ्या झाडाखाली थांबा, पायात रबरी चप्पल असू द्या." दर उन्हाळ्यात, वळवाच्या दिवसांत, पेपरात त्याच बातम्या येतात: शेतातून परतताना झाडाखाली आसऱ्याला थांबले, वीज कोसळली. कोणी गुराखी, कोणी मजूर बाई. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) आकडेवारीत २०२२ या एका वर्षात देशभर वीज पडून २,८८७ माणसं गेली. निसर्गाच्या तडाख्याने त्या वर्षी दगावलेल्यांपैकी तिघांत एकाहून जास्त. झाडाचं लाकूड विजेला फारसं वाहून नेत नाही. शेजारी उभं माणसाचं खारट पाण्याने भरलेलं अंग तिला जास्त सोयीचं, म्हणून ती खोडावरून अंगावर उडी मारते. बाकीची मुळांजवळच्या जमिनीतून पसरते. आणि जी वीज कित्येक किलोमीटर हवा फाडून खाली आली, ती तुमच्या चपलेच्या बोटभर रबराला घाबरणार?

पाचवं: "मोबाइलच्या लहरी वीज खेचतात, विमान मोडवर टाका." पुराव्याला जयपूरचा दाखला. घटना खरी आहे. ११ जुलै २०२१ ला आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर वीज पडली, ११ जणांचा जीव गेला, बरेच जण सेल्फी घेत होते. पण ते डोंगराच्या माथ्यावर होते, त्यावरच्या बुरुजावर होते, आणि पाऊस चालू होता. फोन घरी ठेवून तिथे भजनं म्हटली असती तरी तेच झालं असतं. वीज उंची आणि उघडेपणा बघते, कोणाची रेंज बघत नाही. भाच्याचा ट्रायपॉडही वीज बोलावत नव्हता, पण गच्चीवरची उंच टोकं म्हणजे टाकी, ट्रायपॉड आणि हा पठ्ठ्या. या मुद्द्यात अर्धं खरं एवढंच की वादळात चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरू नये. तो धोका वायरीचा, लहरींचा नाही.

आता फोटोचं. "वीज वेगवान असते, म्हणून शटर १/४००० आणि फ्लॅश चालू." ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात विजेचा एकही फोटो काढलेला नाही, हे मी पैजेवर सांगतो. वीज दिसून बोट दाबेपर्यंत ती संपलेली असते. अंधारात शटर १०-१५ सेकंद उघडं ठेवून वाट बघायची, उजेड ती स्वतःच टाकते. फ्लॅशने फक्त समोरचे थेंब पांढरे होतात, तेवढेच हवे असतील तर खुशाल वापरा.

श्रावणात विजा शोधायला घाटात जा म्हणे. आपल्याकडे विजांचा खरा जोर वळवात आणि परतीच्या पावसात, श्रावणातल्या घाटात धुकं आणि भिजलेले मोजे मिळतील. ओल्या पानांवरची चकाकी मारायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, हे मात्र बरोबर आहे, नाइलाजाने मान्य. पाऊस उघडल्यावर लगेच मिळणारा उजेड सगळ्यांत सुंदर, हेही खरं, फक्त तो अर्धा तास विसरू नका. भिजलेला मोबाइल तांदळात पुरा? ॲपलनेच २०२४ मध्ये सांगितलं की तसं करू नका, तांदळाचे कण आत जातात. तांदूळ भातासाठी ठेवा. आठवं गुपित "१० जणांना पाठवा" हे होतं.

त्या संध्याकाळी भाचा तासभर फुगून बसला. मग त्याच्या फोनवर दामिनी ॲप टाकून दिलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, आसपास कुठे विजा पडतायत ते नकाशावर दाखवतं. रात्री दुसरा ढग आला तेव्हा ॲपवर ठिपके सिन्नरकडे सरकताना दिसत होते. ट्रायपॉड वरच्या खोलीत बंद खिडकीला लावला, खोलीतला दिवा घालवला, ताईची काळी ओढणी लेन्सभोवती काचेला चिकटवली. कॅमेऱ्याचं सेटिंग आयएसओ १००, एफ ८, शटर १५ सेकंद. लांबच्या मोबाइल टॉवरच्या दिव्यावर फोकस धरून मॅन्युअल केला, आपोआप एकामागून एक फोटो काढणारा इंटरव्हल टायमर चालू केला आणि दोघं पलीकडच्या भिंतीशी पलंगावर शेंगा खात बसलो. दीडशेच्या आसपास फ्रेम झाल्या. त्यांतल्या दोनांत वीज आहे, आणि चांगलीत शेजाऱ्यांची डिशची छत्री मधोमध आलीय. तो म्हणतो, क्रॉप होईल.