डीसीसीतही लूप शॉर्ट होतो: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गणपतीची चवथ महिन्यावर आली की आमच्या फोंड्याकडे ओळखीच्या घरांत देखाव्याची खटपट सुरू होते. दूधसागरचा पुठ्ठ्याचा कडा, कापसाचा धबधबा आणि समोरच्या पुलावरून जाणारी एचओ मापाची, म्हणजे 1:87 ची छोटी विजेची गाडी हे दोन-तीन घरांत ठरलेलंच. गाडी वळून त्याच रुळांवरून परत यावी म्हणून टोकाला लूप, म्हणजे गोल फिरून त्याच सांध्याला मिळणारा रूळ घालतात. गाडी डीसीसीवर चालते: कमांड स्टेशन रुळांतूनच विजेबरोबर हुकूम पाठवतं, बूस्टर त्याला ताकद देतो आणि इंजिनातला डीकोडर तो हुकूम ओळखतो. दोन रूळ एकमेकांना जोडले गेले की शॉर्ट होतो आणि वीज आपोआप तुटते, म्हणजे ट्रिप होते. लूपमधली पोलॅरिटी आपोआप पलटवणारं यंत्र म्हणजे ऑटो रिव्हर्सर. लूप घातला की कुणीतरी मोबाईलवर पुढचा मजकूर पाठवतोच:

"डीसीसी म्हणजे एसी. एसीला प्लस-मायनस नसतो, म्हणून लूपला वेगळं वायरिंग नको, रूळ सरळ जोडा. ट्रिप झालंच तर एका रुळाला गॅप द्या. तरीही ट्रिप होत असेल तर जास्त अँपिअरचा बूस्टर लावा. ऑटो रिव्हर्सर शॉर्ट करूनच चालतो, त्याने डीकोडर जळतो. घेतलाच तर आठ-दहा इंचांचा तुकडा पुरतो."

गेल्या चवथीआधी शेजारच्या मुलाने हे वाचून रूळ जोडले, आणि कमांड स्टेशन बिघडलं असं समजून ते माझ्याकडे आणून दिलं. स्टेशन धडधाकट होतं. पोराचे तीन दिवस फुकट गेले होते आणि डीसीसीवरचा त्याचा विश्वास उडाला होता. म्हणून हे उत्तर.

पहिलं वाक्य सगळ्यात घातक, कारण ते अर्धं खरं आहे. डीसीसीत रुळांवरचा दाब सतत उलटसुलट होतो. "1" हा बिट पाठवताना प्रत्येक अर्धा भाग 58 मायक्रोसेकंदांचा असतो, "0" पाठवताना निदान 100 चा. पुढे जायचं की मागे, हे इंजिनाला रुळाच्या प्लस-मायनसवरून कळत नाही. तो हुकूम त्या बिटांतून डीकोडरकडे जातो. त्यामुळे चालत्या गाडीखाली रुळांची अदलाबदल केली तरी गाडी त्याच दिशेने चालत राहते. साध्या डीसीत हे जमत नाही. तिथे दिशा प्लस-मायनसवरूनच ठरते, म्हणून गाडी लूपमध्ये थांबवून मेन लाईनची दिशा बदलावी लागते.

पण यावरून दोन रूळ एकच आहेत असं ठरत नाही. कुठल्याही क्षणी एक रूळ वर असतो तेव्हा दुसरा खाली असतो. घरातला करंटही एसीच आहे, म्हणून आपण फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळतो का? दिशेचा प्रश्न वेगळा आणि शॉर्टचा वेगळा. डीसीसीने पहिला सोडवला. दुसरा जिथे होता तिथेच आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नका. कागदावर लूप काढा, एका रुळावर लाल पेन्सिल फिरवा, दुसऱ्यावर निळी. सांध्यातून आत शिरलेला लाल रूळ गोल फिरून परत येतो तेव्हा निळ्यालाच जाऊन भिडतो. त्रिकोणात, म्हणजे वायमध्ये, हेच होतं, आणि ओव्हलच्या पोटातून तिरकी लाईन टाकली तरी हेच होतं. उलट डंबेलसारखी लाईन, जिच्या दोन बाजू जवळून जातात पण एकमेकींना सांध्याने जोडलेल्या नसतात, तिला काही लागत नाही. मार्कलिन कंपनीच्या मधल्या संपर्काच्या ट्रॅकलाही लागत नाही, कारण तिथे दोन्ही रूळ विजेच्या दृष्टीने एकच असतात. "आमच्याकडे कधी गरज पडली नाही" असं कुणी सांगितलं तर आधी त्याचा ट्रॅक कुठला ते विचारा.

एका रुळाला गॅप, म्हणजे कापून ठेवलेली फट, दिल्याने भागत नाही, हेही त्याच पेन्सिलींनी दिसतं. अखंड ठेवलेला रूळ गोल फिरून समोरच्याला भिडतोच. दोन्ही रुळांना, लूपच्या दोन्ही टोकांना, असे चार गॅप हवेत. त्यांच्यामधला वेगळा झालेला तुकडा ऑटो रिव्हर्सर सांभाळतो.

आता बूस्टर. हा सल्ला देणाऱ्याने हिशेब केलेला नाही. 15 व्होल्ट आणि 5 अँपिअर म्हणजे 75 वॅट, आणि हे सगळं एका चाकाच्या टोकावर किंवा इंजिनातल्या केसाएवढ्या वायरीत. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं आणि त्याने प्लास्टिक वितळतं. ट्रिप होणं हा बिघाड नाही, तेच तुमचं संरक्षण आहे. मोठा बूस्टर लावून ते लांबवलं तर बोगी वितळते, रुळाखालचे स्लीपर वाकतात. देखाव्यात कापूस आणि पुठ्ठा असतो, हे विसरू नका.

ऑटो रिव्हर्सरबद्दलची भीती मात्र मला समजते, कारण तो खरोखरच शॉर्ट ओळखून काम करतो. चाक गॅपवर आलं आणि दोन्हीकडचे रूळ जुळत नसले की करंट उसळतो, आणि काही मिलिसेकंदांत तो आतल्या तुकड्याची पोलॅरिटी पलटवतो. हा करंट चाकातून आणि चाकावरून वीज घेणाऱ्या पिकअपमधून जातो, डीकोडरमधून नव्हे. डीकोडरच्या दाराशी रेक्टिफायर (उलटसुलट वीज एकाच दिशेची करणारा भाग) असल्याने रूळ उलटले तरी त्याला फरक पडत नाही. अट एकच: रिव्हर्सर बूस्टरच्या आधी जागा झाला पाहिजे. बूस्टर 5 अँपिअरला ट्रिप होत असेल तर रिव्हर्सर त्याच्या बराच खाली, समजा 3 वर ठेवा. रिलेवाला, म्हणजे यांत्रिक स्विचचा रिव्हर्सर थोडा सावकाश असतो. चटकन ट्रिप होणाऱ्या स्टेशनला इलेक्ट्रॉनिकच बरा. वायरी बारीक असतील तर करंट पुरेसा उसळतच नाही आणि रिव्हर्सर झोपून राहतो. लूपच्या मध्यावर दोन्ही रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवून पाहा, स्टेशन लगेच ट्रिप झालं पाहिजे. न झाल्यास नाणं उचला आणि फीडर, म्हणजे रुळांना वीज पोचवणाऱ्या वायरी, वाढवा.

लांबीबद्दल आपल्या गोव्यातल्या लोकांनी जास्त जपायला हवं. कुळे ते कॅसलरॉक हा घाट 1:37 चढाचा, म्हणून मालगाडीला मागूनही इंजिनं लागतात, आणि ते दृश्य उभं करायची हौस इथे कुणाला नसते? पण गाडी एका वेळी तुकड्याच्या एकाच टोकाचा गॅप ओलांडत असली पाहिजे. पुढचं इंजिन बाहेर पडताना मागचं आत शिरत असेल तर एक टोक म्हणतं पलटव, दुसरं म्हणतं नको, आणि रिव्हर्सर तडतडत बसतो. प्लास्टिकच्या चाकांचे, दिवे नसलेले डबे असतील तर इंजिनापुरती लांबी चालून जाते. मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं, जोडले की अख्खी गाडी मोजावी लागते. बीओएक्सएन वाघीण 10.7 मीटरची, 1:87 ने 12.3 सेंटीमीटर. डब्ल्यूडीजी 4 इंजिन साधारण 24. चार इंजिनं आणि बारा वाघिणी म्हणजे अडीच मीटर. 45 सेंटीमीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळाचा घेर 2.8 मीटर. म्हणजे जवळजवळ अख्खा लूप लागतो, आणि तिथे हा मजकूर आठ-दहा इंच सांगतो! दोन रिव्हर्सरवाले तुकडे मात्र एकमेकांना लागून ठेवू नका, दोघेही पलटत राहतात.

शेजारच्या त्या मुलाला चार गॅप मी हॅकसॉने कापून दिले आणि गाडी चवथीत माटोळीखालून, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या मांडवाखालून, बिनतक्रार धावली. फेब्रुवारीत पुन्हा ट्रिप. पावसात फुगलेली लाकडी चौकट कोरड्या हवेत आखडली होती आणि एक फट मिटून रूळ रुळाला टेकला होता. चूक माझी, फट मोकळी सोडली होती. आता त्यात प्लास्टिकचा तुकडा सुपरग्लूने बसवून कानशीने रुळाबरोबर घासून घेतला आहे.