एएमसाठी अँटेना ताणून काय होणार? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

‘स्टेशन जेमतेम पंधरा किलोमीटरवर, सेट नवा, तरी दिवेलागणी झाली की एएमवर खरखर सुरू. तुम्ही लिहिता अँटेना पूर्ण ओढा. ओढला, ढिम्म फरक पडला नाही. स्टेशनवालेच संध्याकाळी पॉवर उतरवतात हे सरळ लिहा की! एफएमवर तर सेटजवळून माणूस गेला तरी आवाज बदलतो. नुसता पुस्तकी लेख.’ रेडिओ नीट ऐकू यावा म्हणून लिहिलेल्या माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा हा सारांश. थोडा सौम्य केलाय.

अँटेनाचं तुमचं म्हणणं मान्य, चूक माझीच. एएम आणि एफएम दोन्हींना मी एकाच वाक्यात गुंडाळलं. बहुतेक लहान सेटमधली ती चकचकीत काठी एफएमसाठी असते, शॉर्टवेव्ह असेल तर तिच्यासाठीही. मीडियम वेव्हला, म्हणजे तुम्ही ऐकता त्या एएमच्या पट्ट्याला, तिचा काडीचा उपयोग नाही. तिथला अँटेना सेटच्या पोटात असतो: फेराइट या चुंबकीय पदार्थाची काळी कांडी आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे. म्हणून एएम ऐकताना काठीला हात न लावता अख्खा सेट फिरवायचा.

आता फिरवायचा कशासाठी, हे लेखात यायला हवं होतं आणि आलं नाही. कांडी स्टेशनच्या दिशेशी काटकोनात असली की आवाज सर्वांत जोरात येतो. तिचं टोक स्टेशनकडे वळलं की तो बसतो. पण ‘जोरात’ची जागा ऐसपैस असते. सेट वीस-पंचवीस अंश इकडेतिकडे झाला तरी कानाला कळतही नाही. ‘बसण्या’ची जागा मात्र फार अरुंद. म्हणजे पंधरा किलोमीटरवरच्या स्टेशनसाठी नेमकी दिशा शोधत बसण्यात अर्थ नाही, ते कसंही येणारच. कांडीचं टोक वळवायचं ते खरखर जिथून येतेय तिकडे. स्टेशन थोडं उतरेल, खरखर मात्र बरीच उतरेल, आणि आपल्याला हवा तो या दोघांतला फरक. घरातल्या वायरिंगमधून ती चहूबाजूंनी येत असेल तर हा उपाय अर्धवटच चालतो, हेही सांगून ठेवतो.

पॉवरबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अमेरिकेत बरीच एएम स्टेशनं सूर्यास्तानंतर पॉवर खरोखरच कमी करतात, तेव्हा तुमची शंका अगदीच हवेतली नाही. पण दिवेलागणीलाच खरखर सुरू होते, हे तुम्हीच लिहिलंय. त्या वेळी घरात काय काय चालू होतं? एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही. यांतले बहुतेक स्विचिंग पद्धतीच्या वीजपुरवठ्यावर चालतात. तो सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याची घाण थेट मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडते. एएममध्ये आवाज असतो तो लहरीच्या उंचीत, आणि ही खरखरही उंचीच हलवते. सेटला दोन्ही सारखेच.

खात्री करायला सेट बॅटरीवर लावा, स्टेशन लावा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा. माझ्याकडे तो मोबाइलचा चार्जर निघाला; फोन न जोडता नुसता सॉकेटमध्ये खोचलेला! मेन बंद करूनही खरखर राहिली तर शेजार किंवा रस्त्यावरचे दिवे. तिथे सेटची जागा बदलणं आणि वर सांगितलेलं फिरवणं, एवढंच आपल्या हातात.

रात्रीचा दुसरा प्रकार वेगळा ओळखू येतो. दिवसा आयनावरणाचा (उंचावरच्या हवेतल्या विद्युतभारित भागाचा) खालचा ‘डी’ थर मीडियम वेव्ह शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची स्टेशनं वरच्या थरांवरून परतून येतात. तेव्हा शिट्टी, मागे दुसराच आवाज, हळूहळू चढउतार असं ऐकू येतं. एकसुरी खरखर नाही. पंधरा किलोमीटरवर हे सहसा त्रास देत नाही.

एफएमचं गणितच निराळं. १०० मेगाहर्ट्झची लाट ३ मीटर लांब. थेट आलेली लाट आणि भिंतींवर आपटून आलेली लाट खोलीत कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात, आणि या दोन जागांत पाऊण मीटरच अंतर असू शकतं. माणूस मध्ये आला की ही सगळी मांडणी हलते. तुमच्याकडे हेच होत असणार. सेट हातभर सरकवून पाहा, काठी तिरपी करून पाहा. स्टिरिओ-मोनोचं बटण असेल तर मोनो करा. स्टिरिओला सुस्पष्ट ऐकू यायला बराच जास्त सिग्नल लागतो, त्यामुळे मोनोवर सूं-सूं आवाज लगेच कमी होतो. आणि एकच स्टेशन सुईवर दोन-तीन ठिकाणी लागत असेल, तर सिग्नल कमी नसून इतका जास्त आहे की सेटला झेपत नाहीये. तेव्हा काठी ओढायची नाही, आत ढकलायची.

लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय. जुनं खोडून तिथेच ठेवलंय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला ती कशाबद्दल होती ते कळेल.