चाळणी लावणारा आंधळा नसतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

एन्झाइमांमध्ये (रासायनिक अभिक्रिया वेगवान करणाऱ्या प्रथिनांमध्ये) प्रयोगशाळेत सुधारणा घडवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : संगणक आता प्रथिनाची त्रिमितीय रचना वर्तवू शकतो, तेव्हा जनुकात वाटेल तिथे बदल करून ते जनुक असलेल्या जिवाणूंच्या हजारो वसाहती तपासत बसणे म्हणजे अंधारात तीर मारणे असून विद्यापीठांतील प्रयोगशाळा निव्वळ सवयीपोटी ते करत आहेत. आक्षेप विचारपूर्वक घेतलेला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

रचना वर्तवण्याचे यश वादातीत आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्याला आणि संगणकाच्या साहाय्याने नवी प्रथिने बेतण्याच्या कामाला मिळून दिले गेले. परंतु अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या घटक रेणूंच्या) साखळीची घडी कशी पडेल हे कळले, म्हणून ते प्रथिन किती वेगाने काम करेल हे कळत नाही. एखादेच अमिनो आम्ल बदलले तर वर्तवलेली रचना बहुधा जशीच्या तशी दिसते; प्रत्यक्षात मात्र एन्झाइम पार निकामी झालेले असू शकते. त्याच नोबेलचे एक मानकरी डेव्हिड बेकर यांच्या गटाने २००८ साली केम्प एलिमिनेशन या अभिक्रियेसाठी संगणकावर एन्झाइमे बेतली. ती चालली, पण त्यांची कार्यक्षमता आणखी २०० पटींहून अधिक वाढली ती उत्परिवर्तन (जनुकातील बदल) आणि निवड यांच्या फेऱ्यांमुळेच, आणि हे त्याच शोधनिबंधात नोंदलेले आहे.

बदल यादृच्छिक असतात हे खरे. निवड तशी नसते. ३०० अमिनो आम्लांच्या प्रथिनात एकेकटे बदल ५,७०० संभवतात, पण दोन-दोन बदलांच्या जोड्या १ कोटी ६० लाखांच्या वर जातात. सगळे तपासणे अशक्यच, म्हणून एका फेरीत जे सरस ठरेल त्यावरच पुढची फेरी उभारायची. अमेरिकी संशोधक फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी १९९३ मध्ये सबटिलिसिन ई हे एन्झाइम ६० टक्के डायमिथाइल फॉर्मामाइड या सेंद्रिय द्रावकात मूळच्या २५६ पट क्रियाशील करून दाखवले ते याच वाटेने. जिवाणू वाढवण्याच्या प्लेटमध्ये केसीन (दुधातील प्रथिन) आणि ते द्रावक घातले होते. एन्झाइम केसीन तोडते, त्यामुळे वसाहतीभोवती पारदर्शक वलय उमटते.

खरी कसोटी इथे लागते. वलय मोठे दिसले की एन्झाइम सुधारले असे नव्हे. जिवाणूने तेच एन्झाइम जास्त प्रमाणात तयार केले असेल, किंवा वसाहतच मोठी असेल. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या खळग्यांतले पाणी लवकर उडते आणि तिथले आकडे फुगतात, म्हणून बदल न केलेला मूळ प्रकार त्याच प्लेटवर अनेक ठिकाणी ठेवावा लागतो. सरस वाटलेला प्रकार पुढे शुद्ध करून, प्रथिनाचे प्रमाण मोजून मगच त्याचा वेग ठरवावा लागतो. तुम्ही जे चाळाल तेच तुमच्या हाती येईल, असे या क्षेत्रात म्हणतात ते उगीच नाही. (ही चाचणी आखण्यातच संशोधक विद्यार्थ्यांचे महिने जातात, हे लेखांत सहसा येत नाही.)

आता पूर्ण जनुकभर बदल करण्याऐवजी रचना पाहून क्रियास्थळाभोवतीची (एन्झाइमच्या ज्या भागात अभिक्रिया घडते त्याभोवतीची) मोजकीच स्थाने निवडली जातात, आणि तेवढ्यापुरती आपली सूचना प्रचारात आहेच. पण कोणता बदल फळेल हे सांगणारी यंत्रशिक्षणाची (मशीन लर्निंगची) प्रारूपे शिकतात ती याच प्लेटांवरच्या मोजमापांवरून, आणि त्यांना निकामी ठरलेल्या प्रकारांचे आकडेही लागतात. दुर्दैवाने ते आकडे शोधनिबंधांत क्वचितच छापले जातात.