कोठडी हा पर्याय नाहीच

‘भरकटलेला मनोरुग्ण सापडला तर पोलिसांपुढे कोठडीशिवाय पर्याय नसतो’ हे तुमच्या लेखातलं वाक्य चूक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा माणसाला फार तर २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. आणि लॉकअपमध्ये कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नसतं. कोणत्याही!

माझ्या मामेभावाला स्किझोफ्रेनिया आहे. एकदा रात्री कळव्यातल्या घरातून निघून गेला. सकाळी एका पोलीस ठाण्याच्या कोठडीत सापडला. दुकानांची शटरं वाजवत फिरत होता म्हणून आणलेला. शर्टाची बटणं खाली-वर, पायात एकच चप्पल. मामीने खिशात घडी घालून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी कुणी उघडूनही पाहिली नव्हती. ठाणे शहरात १९०१ सालापासून मनोरुग्णालय आहे हो, तिथवर न्यायला काय हरकत होती? एका हवालदारांनी मात्र स्वतःच्या डब्यातली पोळी-भाजी त्याला दिली होती. माणूस भला होता. मी त्यांना मोबाइलवर हे कलम दाखवलं, तर म्हणाले, “ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” तेव्हा लिहायचं तर त्या न मिळालेल्या प्रशिक्षणाबद्दल लिहा.