नवा दाखला काढण्याआधी आजोळचं दप्तर बघा

आधारवरची जन्मतारीख चालते की नाही, हा वाद गावाकडे अजून मिटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो. मग ‘प्रांताचा आदेश घेऊन नवा दाखला काढून टाकू’ असा सल्ला सर्रास मिळतो. अमेरिकेत आई-वडिलांना बोलावायचं असेल तर ही घाई अंगाशी येते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आय-१३०, म्हणजे नातेवाइकाला अमेरिकेत कायमचं बोलावण्यासाठी तिथल्या सरकारकडे करायचा अर्ज, आईचा वेगळा, वडिलांचा वेगळा. दोन्हींत मुख्य कागद तुमचा स्वतःचा: दोघांची नावं असलेला जन्मदाखला. वडिलांसाठी त्यांच्या लग्नाचा दाखलाही जोडायचा. आधारवरून नातं सिद्ध होत नाही. शिवाय नोंद कधी झाली हेही तपासलं जातं. जन्मानंतर चाळीस वर्षांनी केलेली दिसली की जुना पुरावा मागतात.

म्हणून आधी जुनी नोंद शोधा, आणि योग्य गावात शोधा. खान्देशात पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नोंद होते ती जन्म झाला त्या गावी. वडील अमळनेरचे, आई शिरपूरकडची, तर अमळनेरला ‘नोंद आढळत नाही’ असंच उत्तर येणार. आजोळच्या ग्रामपंचायतीत विचारा. व्हिसाच्या टप्प्यावर आई-वडिलांचेही जन्मदाखले लागतात. त्या पिढीसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचं कोतवाल बुक, उघडावा लागतो. त्यात बरेचदा बाळाचं नावच नसतं, बापाच्या नावासमोर नुसतं ‘मुलगा’. अशा वेळी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा सोबत लावा. तिथे जन्मतारीख म्हणून सरसकट टाकला जाणारा १ जून लिहिलेला असेल तर खाडाखोड नको, फरक का पडला ते लेखी सांगा.

सगळ्यात जास्त अडतं ते आईच्या नावावर. तुमच्या दाखल्यावर निंबाबाई, पासपोर्टवर निर्मला. ‘दोन्ही नावं एकाच बाईची’ एवढं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. राजपत्र, जुनं रेशनकार्ड, लग्नाची नोंद, जे असेल ते जोडा.

नोंद खरोखर नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला, शाळेचा पुरावा, आणि तोही तोकडा पडला तर दोन प्रतिज्ञापत्रं. ती मामा, आत्या अशा, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्यांचीच हवीत. तुमच्यापेक्षा लहान चुलतभावाची सही तिथे कवडीच्या कामाची नाही.

मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, शिक्का आणि शेऱ्यासकट. खाली भाषांतरकाराने दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे, असं सहीनिशी लिहायचं.